डोळ्यांवर पट्टी, समोर रोखलेलं बोट: चिलीच्या रस्त्यावरचं गाणं तुर्कीच्या संसदेत कसं पोहोचलं?

डिसेंबर २०१९. तुर्कीच्या संसदेत सीएचपी या विरोधी पक्षाच्या महिला खासदारांनी बाकांवर हातानं ठेका धरला आणि एक गाणं म्हणायला सुरुवात केली. आजूबाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या हातांत खून झालेल्या बायकांचे फोटो होते. काही दिवसांपूर्वी इस्तंबूलच्या रस्त्यावर हेच गाणं म्हणणाऱ्या बायकांना पोलिसांनी अडवलं होतं, काहींना ताब्यातही घेतलं होतं. खासदारांना संसदेचं संरक्षण असतं. सभागृहात त्यांना हात लावणं पोलिसांना शक्य नव्हतं.

गाणं तुर्की नव्हतं. ते स्पॅनिश होतं आणि जेमतेम महिन्याभरापूर्वी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चिलीमधल्या वाल्पाराइसो या बंदराच्या गावी रस्त्यावर पहिल्यांदा सादर झालं होतं. पुढच्या काही आठवड्यांत ते मेक्सिको सिटी, पॅरिस, न्यूयॉर्क, दिल्ली अशा कित्येक शहरांत पोहोचलं. त्याचे व्हिडिओ तेव्हा अनेकांच्या फोनवर येऊन गेले असतील. काळ्या पट्ट्या बांधलेल्या बायका, एकसारख्या हालचाली, शेवटी समोर रोखलेली बोटं. पण त्या बोटांचा रोख नेमका कुणाकडे होता आणि मध्येच त्या बायका उकिडव्या का बसत होत्या, हे तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये कळत नाही.

गाण्याच्या नावातच टोमणा

गाण्याचं नाव ‘उन व्हिओलादोर एन तु कामिनो’. अर्थ, ‘तुझ्या वाटेवरचा बलात्कारी’. हे नाव चिलीतल्या माणसाला ऐकताक्षणी लागतं, कारण तिथल्या पोलीस दलाचं, म्हणजे काराबिनेरोसचं एक जुनं घोषवाक्य होतं: ‘तुझ्या वाटेवरचा मित्र’. फक्त एक शब्द बदलला आहे. आपल्याकडे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’मधला एखादा शब्द कुणी बदलला तर जसं होईल, तसंच.

टोमणा एवढ्यावर थांबत नाही. पोलीस दलाच्या स्वतःच्या गौरवगीतातलं एक कडवं गाण्यात घेतलेलं आहे. निरागस मुलीनं निर्धास्त झोपावं, तिच्या स्वप्नांवर शिपायाचा पहारा आहे, अशा आशयाचं ते कडवं. पोलिसांच्या तोंडी ते प्रेमळ वाटतं. रस्त्यावर डोळे बांधून उभ्या असलेल्या शेकडो बायकांच्या तोंडून तेच ऐकताना अंगावर काटा येतो.

सादरीकरण काही मिनिटांचंच. बायका रांगांमध्ये उभ्या राहतात. अनेकींच्या अंगावर पार्टीला जाताना घालतात तसे कपडे असतात, कारण ‘कपडे कोणते होते’ हा बलात्कारानंतर विचारला जाणारा पहिला प्रश्न. गाण्यात त्या सांगतात, की दोष ना माझा होता, ना मी जिथे होते त्या जागेचा, ना माझ्या कपड्यांचा. मग एकेकाचं नाव येतं: पोलीस, न्यायाधीश, सरकार, राष्ट्राध्यक्ष. आणि बोट समोर जातं.

उकिडवं बसण्याचा संदर्भ तर सरळ पोलीस ठाण्यातला आहे. ताब्यात घेतलेल्या बायकांना कपडे उतरवायला लावून उठाबशा काढायला लावल्याच्या तक्रारी चिलीत त्या काळात मोठ्या संख्येनं आल्या होत्या. ह्युमन राइट्स वॉचनं नोव्हेंबर २०१९ मध्ये हे नोंदवलं, आणि पुरुषांपेक्षा महिला व मुलींच्या बाबतीत असं होण्याचं प्रमाण जास्त असल्याचंही सांगितलं. म्हणजे व्हिडिओत जी डान्स स्टेप वाटते, ती मुळात झडतीची नक्कल आहे.

तीस पेसोंचं निमित्त

हे सगळं त्याच वेळी का झालं, ते समजून घ्यायला महिनाभर मागे जावं लागतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये राजधानी सांतियागोमध्ये मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं. शाळकरी मुलांनी तिकीट न काढता मेट्रोत घुसायला सुरुवात केली आणि १८ ऑक्टोबरला शहर पेटलं. सरकारनं आणीबाणी जाहीर केली, सैन्य रस्त्यावर आलं. भाडं हे निमित्त होतं. पेन्शन, शिक्षणाचा खर्च, दवाखान्यांची बिलं, विषमता असं वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं.

पोलिसांच्या छऱ्यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी शेकडो आंदोलकांचे डोळे जखमी झाले, काहींची दृष्टी कायमची गेली. गाण्यातली डोळ्यांवरची पट्टी पाहून म्हणूनच अनेकांना या जखमी डोळ्यांची आठवण झाली. चिलीत १९७३ ते १९९० अशी सतरा वर्षं जनरल पिनोचेत यांची लष्करी राजवट होती. गणवेशातल्या माणसांनी ताब्यातल्या बाईवर अत्याचार करणं ही त्या देशातल्या आजीच्या पिढीची आठवण आहे, ऐकीव गोष्ट नाही.

नाव ‘प्रबंध’, काम रस्त्यावर

गाणं रचणारा गट चार जणींचा: सिबिला सोतोमायोर, दाफ्ने वाल्देस, पाउला कोमेता आणि लेआ कासेरेस. चौघीही तेव्हा तिशीच्या आसपासच्या. नाटक आणि डिझाइन ही त्यांची क्षेत्रं. गटाचं नाव ‘लास तेसिस’, म्हणजे चक्क ‘प्रबंध’.

हे नाव गमतीचं वाटलं तरी त्यात त्यांचं कामच सांगितलेलं आहे. स्त्रीवादी विचारवंतांची जाडजूड पुस्तकं विद्यापीठाबाहेर कुणी वाचत नाही. तर त्यातला सिद्धांत घ्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सादरीकरणात, ठेक्यासकट, कुणालाही कळेल असा मांडायचा. पहिलं काम त्यांनी सिल्व्हिया फेदेरिची यांच्या लेखनावर केलं होतं. दुसरं अर्जेंटिनाच्या मानववंशशास्त्रज्ञ रीता सेगातो यांच्यावर चाललं होतं. हे गाणं त्या दुसऱ्या कामाचा एक तुकडा. ऑक्टोबरमध्ये ते रंगमंचावर यायचं होतं, पण देशात आंदोलन पेटल्यानं प्रयोग लांबला. मग रस्त्यावर काहीतरी करूया असं आमंत्रण आलं आणि २० नोव्हेंबर २०१९ ला तो तुकडाच वाल्पाराइसोच्या चौकात सादर झाला. रंगमंच मिळाला असता तर जगानं हे गाणं कदाचित ऐकलंही नसतं.

विचार गाण्यात घालून चौकात न्यायचा, ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी हेच केलं. पुस्तक न वाचू शकणाऱ्या माणसापर्यंत विचार पोहोचवण्याची ती पद्धत होती. लास तेसिसच्या हातात ढोलकीऐवजी इलेक्ट्रॉनिक बीट होता, इतकंच.

सेगातो काय म्हणतात?

या गाण्याचा खरा गाभा इथे आहे, त्यामुळे थोडं थांबून पाहू.

रीता सेगातो ब्राझीलमधल्या ब्राझिलिया विद्यापीठात शिकवत होत्या. १९९० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तुरुंगात जाऊन बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी दीर्घ मुलाखती केल्या. ‘असं का केलंस?’ या प्रश्नाला ही माणसं काय उत्तर देतात, ते त्यांना ऐकायचं होतं. सर्वसाधारण समज असा, की बलात्कार म्हणजे आवरता न आलेली वासना, किंवा मग विकृत डोकं. सेगातो यांना मुलाखतींत दिसलं ते वेगळं होतं. यातला पुरुष बऱ्याचदा स्वतःला शिक्षा करणारा समजत होता. बाई ‘पायरी’ सोडून वागते, उशिरा बाहेर फिरते, नकार देते, तर तिला तिची जागा दाखवायची. त्याच्या डोक्यात तो गुन्हा नव्हताच, शिस्त लावणं होतं.

सेगातो यांची दुसरी मांडणी आणखी महत्त्वाची. त्यांच्या मते ही हिंसा एकाच वेळी दोन दिशांना बोलते. एक दिशा उभी, वरून खाली, गुन्हेगाराकडून बाईकडे. दुसरी आडवी, गुन्हेगाराकडून इतर पुरुषांकडे. मी कमी नाही, मीही ‘मर्द’ आहे, हे त्याला मित्रांना, टोळीला, कधी फक्त स्वतःच्या मनातल्या पुरुषांना दाखवायचं असतं. सामूहिक बलात्कार आणि त्याचे फोनवर काढून पाठवलेले व्हिडिओ यांचा विचार केला, की ही आडवी दिशा लगेच लक्षात येते.

आता याचा पुढचा टप्पा. बाईला तिची जागा दाखवणं हे काम एकटा बलात्कारी करतो का? पोलीस ठाण्यात ‘एवढ्या रात्री बाहेर कशाला गेला होतात?’ असं विचारणारा अंमलदारही तेच करतो. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, असं म्हणणारा न्यायाधीशही. म्हणून गाण्यातलं बोट अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाकडे जात नाही, व्यवस्थेकडे जातं. सगळे पुरुष बलात्कारी आहेत, असं हे गाणं म्हणतं, अशी टीका तेव्हा बरीच झाली. ती गाणं नीट न ऐकता केलेली टीका आहे.

अंधाऱ्या गल्लीचा मुद्दा भारतालाही लागू होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं एक गोष्ट बदललेली नाही: नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेल्या २९.३ टक्के बायकांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे.

व्हायरल होण्यामागची रचना

२५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मिराबाल भगिनींपैकी तिघींचा १९६० साली याच तारखेला खून झाला होता. २०१९ च्या त्या दिवशी लास तेसिसनं सांतियागोमध्ये अनेक ठिकाणी गाणं सादर केलं आणि व्हिडिओ पसरायला लागले. लगेचच गटानं शब्द, ठेका आणि हालचाली सगळ्यांसाठी खुल्या केल्या. तुमच्या शहरात करा, तुमच्या भाषेत करा, हवे ते बदल करा.

सॉफ्टवेअरमध्ये याला ओपन सोर्स म्हणतात, आणि ही तुलना इथे फार चपखल बसते. कोड छोटा आहे. चालवायला महाग हार्डवेअर लागत नाही: एक काळी पट्टी आणि एक स्पीकर, तोही नसला तर टाळ्या. गायला यायला हवं असंही नाही, कारण ते गाण्यापेक्षा म्हणण्याच्या जवळ जातं. डोळे बांधलेले असल्यानं बुजणाऱ्या बाईलाही उभं राहता येतं आणि चेहरा ओळखला जात नाही. मूळ गाभा तसाच ठेवून प्रत्येक देशाला आपल्या तक्रारी त्यात भरता येतात. तुर्कीच्या बायकांनी त्यांच्या भरल्या, मेक्सिकोच्या बायकांनी त्यांच्या.

आकडाही बोलका आहे. लॅटिन अमेरिकेतल्या महिला नकाशाकारांच्या ‘हेओचिकास’ या गटानं या सादरीकरणांचा ऑनलाइन नकाशा बनवला. ५० हून अधिक देश त्यावर आले. जानेवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या न्यायालयात निर्माता हार्वी वाइनस्टीनवरचा खटला चालू होता, त्याच्या दारात बायकांनी ते इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये म्हटलं.

पण सगळ्यांत ताकदीचं सादरीकरण चिलीतच झालं. ४ डिसेंबर २०१९ ला सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमबाहेर हजारो बायका जमल्या. यावेळी आवाहन चाळिशीच्या पुढच्या बायकांना होतं. काळे कपडे, लाल स्कार्फ, पांढरे केस, काहींच्या हातात काठी. १९७३ च्या लष्करी उठावानंतर याच स्टेडियमचं छळछावणीत रूपांतर झालं होतं आणि हजारो कैद्यांमध्ये बायकाही होत्या. त्या जागी त्या वयाच्या बायकांनी सरकारकडे बोट दाखवणं म्हणजे काय, हे चिलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मोर्चा असताना हे कशाला?

नाटकातला नट दुसऱ्या कुणाचं तरी पात्र रंगवतो. परफॉर्मन्स आर्टमध्ये कलाकार स्वतः, स्वतःच्या शरीरानं, स्वतःच्या नावावर तिथे असतो. जागा आणि प्रेक्षकही कलाकृतीचा भाग होतात. १९७४ मध्ये मारिना अब्रामोविच नेपल्समध्ये सहा तास निश्चल उभी राहिली. समोर टेबलावर ७२ वस्तू, त्यांत गुलाबापासून भरता येईल अशा पिस्तुलापर्यंत सगळं. प्रेक्षकांनी काहीही करावं. त्यांनी तिचे कपडे फाडले, त्वचेवर जखमा केल्या, पिस्तूल तिच्यावर रोखलं. समोरची बाई प्रतिकार करणार नाही आणि शिक्षा होणार नाही, असं कळल्यावर साधी माणसं काय करतात, हे कुठल्याही भाषणापेक्षा लख्ख दिसलं.

हे हत्यार शहराच्या कारभाराला भिडवण्याचं काम लॉस एंजेलिसमध्ये सुझॅन लेसी यांनी केलं. मे १९७७ मध्ये त्यांनी महापालिकेजवळच्या बाजारपेठेत शहराचा २५ फुटी नकाशा लावला. रोज पोलिसांकडे जायचं, आदल्या दिवशी किती बलात्कारांची तक्रार आली ते घ्यायचं आणि नकाशावर त्या त्या ठिकाणी ‘रेप’ असा लाल शिक्का मारायचा. प्रत्येक ठळक शिक्क्याभोवती नऊ फिके शिक्के, पोलिसांपर्यंत न पोहोचलेल्या घटनांसाठी. तीन आठवडे हे चाललं. दुपारी जेवायला बाहेर पडलेल्या कारकुनाला आपल्या गल्लीवर शिक्का दिसत होता. शेजारी दुसरा नकाशा होता, त्यावर मदत कुठे मिळेल त्या जागा. आज ज्याला आपण डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणतो, ते या बाईनं शाईच्या ठशानं केलं होतं.

त्याच वर्षाअखेर तिथे एकापाठोपाठ बायकांचे खून होऊ लागले. वर्तमानपत्रं आणि टीव्ही खुनांचे तपशील चघळत होते. बायकांच्या वाट्याला फक्त भीती येत होती. १३ डिसेंबर १९७७ ला लेसी आणि लेस्ली लाबोविट्झ यांनी शववाहिकेमागे गाड्यांचा ताफा काढला. महापालिकेच्या पायऱ्यांवर शववाहिकेतून काळ्या बुरख्यातल्या, मुद्दाम सात फुटी उंच केलेल्या बायका उतरल्या. तोपर्यंत दहा खून झाले होते. प्रत्येकीनं माइकपाशी येऊन या खुनांचा संबंध बायकांवर घरात-दारात होणाऱ्या बाकी हिंसेशी जोडला. हे सगळं टीव्हीच्या बातमीच्या हिशेबानं आखलं होतं: काही सेकंदांत कळेल असं दृश्य, नेमकी वाक्यं, पत्रकारांसाठी तयार माहिती आणि नगरसेवकांसाठी ठोस मागण्या. मागण्यांत स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण होतं आणि मदतीचे फोन नंबर लोकांना सहज सापडावेत हेही. नगरसेवकांनी कॅमेऱ्यासमोर पाठिंबा दिला.

मोर्च्यात किती लोक होते ते मोजलं जातं. इथे दृश्य काय होतं ते लक्षात राहतं. साठ-सत्तर बायकांमध्येही काम होतं.

देसाईगंज, मुंबई, इंफाळ

रक्षण करणाऱ्याकडेच बोट, हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. भारतातल्या बलात्कारविरोधी चळवळीची सुरुवातच मुळी पोलीस ठाण्यातल्या बलात्कारावरून झाली, आणि ते ठाणं आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजचं. मार्च १९७२ मध्ये तिथे एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ते ओळखलं जातं. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांत निदर्शनं झाली. अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक तरतूद आली. अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते खरं धरून चालायचं.

याच सुमारास कलाही रस्त्यावर आली. दिल्लीत हुंडाबळींवरचं ‘ओम स्वाहा’ हे पथनाट्य गल्लीबोळांत होत होतं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ उभं केलं. गावोगावी, चाळींत, शाळांच्या पटांगणांत त्याचे हजारो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. करणाऱ्या बहुतेक साध्या नोकरदार आणि गृहिणी होत्या. ओपन सोर्स हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता, पण पद्धत तीच.

आणि इंफाळ. २००० साली हैस्नाम कन्हाईलाल यांनी महाश्वेता देवींच्या कथेवर ‘द्रौपदी’ केलं. लष्कराच्या अत्याचारानंतर नायिका अंग झाकायला नकार देते, हा शेवट अभिनेत्री हैस्नाम सावित्री यांनी रंगमंचावर विवस्त्र होऊन साकारला. मणिपूरमध्ये त्यावरून गहजब झाला. चार वर्षांनी, १५ जुलै २००४ ला, आसाम रायफल्सनं ताब्यात घेतलेल्या एका तरुणीचा मृतदेह सापडल्यानंतर बारा मध्यमवयीन मैतेई बायका कांगला किल्ल्याच्या दारात गेल्या. तिथे तेव्हा आसाम रायफल्सचं ठाणं होतं. त्यांनी अंगावरचे कपडे काढले आणि लष्कराला आव्हान देणारा फलक धरला. आधी नाटकावर संतापलेलं शहर यावेळी त्यांच्या मागे उभं राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सनं कांगला किल्ला रिकामा केला.

आता पुन्हा डिसेंबर २०१९. चिलीच्या बायका पोलिसांकडे बोट दाखवत होत्या, त्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, हैदराबादजवळ बलात्कार-खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. दोन्हीकडे संताप खराच होता. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये खुला झाला. मारण्याच्या हेतूनं जाणूनबुजून गोळीबार झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. तोपर्यंत पाकळ्यांचे व्हिडिओ विस्मरणात गेले होते.

पोलिसांची तक्रार, कोर्टाचं उत्तर

लास तेसिसला कौतुक मिळालं तसा त्रासही झाला. २०२० मध्ये ‘टाइम’ मासिकाच्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्या आल्या. त्याच वर्षी रशियाच्या ‘पुसी रायट’ या गटासोबत त्यांनी पोलिसी हिंसेवर एक व्हिडिओ केला, तर काराबिनेरोसनं त्यांच्याविरुद्ध तक्रार ठोकली. पोलिसांविरुद्ध हिंसेला चिथावणी दिली, असा आरोप. कलाकारांवर असा खटला म्हणजे अभिव्यक्तीवर घाला, असं म्हणत जगभरातून विरोध झाला. २०२१ च्या सुरुवातीला चिलीच्या न्यायालयानं प्रकरण निकाली काढलं, चौघी सुटल्या.

बदललं काय?

गाण्यानं कायदा बदलला, असं म्हणणं सोपं आहे आणि सोशल मीडियावर तसं म्हटलंही जातं. पण ते पूर्ण खरं नाही.

मार्च २०२० मध्ये चिलीत ‘गॅब्रिएला कायदा’ आला. तोपर्यंत तिथे ‘स्त्रीहत्या’ हा वेगळा गुन्हा लागायला मारणारा पती किंवा सोबत राहणारा, आजी वा माजी जोडीदार असावा लागे. प्रियकरानं मारलं तर साधा खून. नव्या कायद्यानं ही अट काढली. बाई आहे म्हणून केलेली हत्या, मग मारणारा कुणीही असो, या व्याख्येत आली. पण हे विधेयक गाण्याच्या आधीपासून संसदेत होतं. त्यामागे मुलगी गमावलेल्या एका कुटुंबाची लढाई होती. गाण्यानं वातावरण तापवलं, खासदारांना टाळाटाळ अवघड केली, एवढं श्रेय त्याला नक्की जातं.

उलटंही घडलं. ज्या तुर्कीच्या खासदारांनी बाकं वाजवली, त्यांचा देश जुलै २०२१ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरोधातल्या ‘इस्तंबूल करारा’तून बाहेर पडला. ज्या शहरात करार झाला, त्याच शहराचं नाव असलेला हा करार. चिलीतही नवं संविधान लिहायला जगातली पहिली समसमान स्त्री-पुरुष सदस्यांची सभा निवडली गेली, आणि तिनं लिहिलेला मसुदा सप्टेंबर २०२२ च्या सार्वमतात मोठ्या फरकानं नाकारला गेला.

जून २०२४ मध्ये मात्र चिलीत स्त्रियांवरील हिंसेविरोधातला सर्वंकष कायदा लागू झाला. शारीरिक, लैंगिक, आर्थिक अशा हिंसेच्या प्रकारांच्या यादीत त्यानं ‘संस्थात्मक हिंसा’ हा प्रकारही घातला आहे, म्हणजे सरकारी यंत्रणेनं आणि तिच्या माणसांनी केलेली. विधेयक मांडलं गेलं होतं २०१७ मध्ये.